आधी गादी बघ, मग शोधनिबंध वाच

प्रश्न इंदूरच्याच एका स्टाफ नर्सचा आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, तीन वर्षांची नोकरी, मेडिसिनचा वॉर्ड. ती विचारते : "कॉलेजात रिसर्चचा पेपर दिला, प्रोजेक्ट केला, मार्कही चांगले पडले. आता मेट्रन मॅडम म्हणतात, काम पुराव्यावर आधारलेलं हवं, इन्स्पेक्शनला दाखवावं लागेल. पण नाइटला तीस पेशंट आणि आम्ही दोघी. संशोधन वाचायचं कधी, वॉर्डात आणायचं कसं, आणि आणलं तरी पेशंटला खरंच काही फरक पडतो का?"

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. फरक पडतो. पण तो इन्स्पेक्शनच्या फाइलमध्ये दिसत नाही, पेशंटच्या टाचेवर दिसतो. म्हणून टाचेपासूनच सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा सीनियर सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली. लकव्याचा पेशंट आला की दोन हातमोजे घ्यायचे, नळाच्या पाण्यानं भरायचे, मनगटाशी गाठ मारायची आणि एकेका टाचेखाली ठेवायचे. पाण्याची मऊ उशी. स्वस्त, लगेच हाताशी, आणि बघणाऱ्यालाही वाटतं की पेशंटची काळजी घेतली जातेय. मी हे कित्येक वर्षं केलं, माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवलं. बडवानीकडून आलेले एक काका होते, उजवी बाजू पूर्ण गेलेली. रोज मोजे बदलायचे, रोज पावडर. दहाव्या दिवशी टाचेवर जांभळा फोड. मी त्यांच्या बायकोला म्हटलं, "शुगर है ना, इसलिए." मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पुढे प्रेशर अल्सरची, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमांची, आपल्या बेडसोअरची, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचायला मिळाली. त्यात टाच उचलण्यासाठी काय वापरू नये हे स्पष्ट लिहिलेलं होतं : रिंगसारख्या उशा नकोत, सलाइनच्या पिशव्या नकोत, पाणी भरलेले हातमोजे नकोत. हातमोजा ठेवला तरी टाचेचा भार त्या एवढ्याशा फुग्यावरच राहतो, आणि टाचेच्या हाडावर मांस जवळजवळ नसतंच. उपाय आपल्या वॉर्डात आधीपासूनच पडलेला असतो. उशी पोटरीखाली लांबीनं ठेवायची, गुडघा अगदी जरासा वाकलेला, आणि टाच हवेत. टाच आणि चादर यांच्यामधून कागद सरकला पाहिजे. उशी नसेल तर दोन ब्लँकेटांची घडी. एक पैसा लागत नाही.

माझ्या मते पुराव्यावर आधारलेल्या नर्सिंगचा निम्मा भाग हाच आहे : काय बंद करायचं ते कळणं. नवीन काही करा म्हटलं की तुझ्या नाइटच्या दोघी हात टेकतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण जुनं एक काम बंद केलं तर वेळ मोकळा होतो. लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळून मालिश करणं बंद कर, कारण आतल्या आधीच चिरडलेल्या केशवाहिन्यांना त्यानं आणखी इजा होते. जखमेवर अंड्याचा पांढरा बलक लावून ऑक्सिजनची नळी धरणं बंद कर. तो ऑक्सिजन श्वासासाठी आहे. ऑपरेशनच्या आधी ब्लेडनं केस काढणं बंद कर. कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना घर मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलंय की केस शक्यतो काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं, कापा. एकेका रात्रीचा हिशेब केलास तर या बंद केलेल्या कामांतूनच पेशंटची कूस बदलायला वेळ निघेल.

आता कूस बदलण्याकडे येऊ. संशोधन वाचायचं म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या विषयानं जास्त शिकवलं.

दर दोन तासांनी कूस बदला, हे आपण सगळ्या पाठ करून आलोय. २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममधले ९४२ वृद्ध. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले : एकाची कूस दर दोन तासांनी, दुसऱ्याची तीन, तिसऱ्याची चार. तीन आठवडे पाहिलं. जखमा एकूण साधारण २ टक्के लोकांना झाल्या आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हे वाचून आमच्या एका रेसिडेंट डॉक्टरनं मला आनंदानं सांगितलं, "सिस्टर, अब चार घंटे में एक बार काफी है." मी त्याला म्हटलं, चला, गादी बघू.

त्या अभ्यासातला प्रत्येक माणूस चांगल्या, दाट फोमच्या गादीवर झोपलेला होता. आमच्या वॉर्डातली गादी काथ्याची, वर रेक्झिन, मधोमध खोलगट खड्डा. एका कोपऱ्यात रेक्झिन फाटलेलं आणि आतला काथ्या चादरीतून टोचत होता. चार तासांचा निष्कर्ष त्या फोमच्या गादीसकटचा आहे. गादी वगळून नुसता आकडा उचलला, तर तो आपल्या पेशंटसाठी पुरावा राहत नाही. त्या दिवसापासून मी कुठलाही अभ्यास वाचताना पहिल्यांदा विचारते : ती माणसं कोण होती आणि कशावर झोपली होती? तुझ्या वॉर्डातल्या गाद्या तशा असतील तर तास वाढव, नसतील तर दोन तास सोडू नकोस.

दुसरा अभ्यास आयर्लंडमधला, २०११ चा, आणि तो करणारी झेना मूर स्वतः नर्स. २१३ वृद्ध. एका गटाला रात्री दर तीन तासांनी ३० अंशांत तिरकं करायचं, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे दर सहा तासांनी पूर्ण ९० अंशांत कुशीवर. पहिल्या गटात ३ टक्क्यांना जखमा झाल्या, दुसऱ्यात ११ टक्क्यांना. शंभर माणसांमागे आठ जखमा वाचल्या. हा आकडा मला फार मोठा वाटतो, कारण भरलेल्या वॉर्डात तो दर दोन महिन्यांनी एखाददुसरा माणूस होतो, आणि त्या माणसाला नाव असतं.

पण इथेही जरा थांबायचं. या अभ्यासात दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत, कोन आणि वेळ. गुण कुणाचा? यावरून सांगता येत नाही. मात्र ९० अंशांत माणूस पूर्ण कुशीवर असला की सगळा भार मांडीच्या वरच्या हाडावर येतो, आणि आपल्याकडे त्या जागेच्या जखमा किती दिसतात ते तू पाहिलंच आहेस. म्हणून मी ३० अंश घेतले आणि दोन तासही ठेवले. ३० अंश म्हणजे फार काही नाही. पाठीमागे एक उशी पाचरीसारखी सरकवायची, ढुंगणाचा एक भाग उचलला गेला पाहिजे, आणि आपला हात कमरेखाली घातला तर माकडहाड गादीला टेकलेलं लागता कामा नये. हे एकटीला जमतं. पूर्ण कुशीवर वळवायला दोघी लागतात. तुमच्या नाइटला ही एकच गोष्ट केवढी सोय करते ते करून बघ.

आणखी एक. पाश्चात्त्य पुस्तकांत पहिल्या टप्प्याची जखम म्हणजे बोटानं दाबल्यावर न फिकी पडणारी लाली, असं दिलेलं असतं. झाबुआ-अलीराजपूरकडच्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही. म्हणून आपण "कातडी ठीक" लिहितो आणि दोन दिवसांनी एकदम काळी खपली दिसते. तिथे डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेव. आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम आहे का, गार आहे का, कडक किंवा पिचपिचीत लागते का, पेशंट दुखतं म्हणतो का. ट्यूबलाइटखाली नाही, दिवसाच्या उजेडात बघ.

ब्रेडन स्केलबद्दल, म्हणजे बेडसोअरचा धोका मोजायच्या तक्त्याबद्दल, तुझ्या मॅडम विचारतीलच. १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी ते मांडलं. संवेदना, ओल, हालचाल, कूस बदलण्याची ताकद, आहार आणि घासलं जाणं, अशा सहा गोष्टींना गुण, एकूण ६ ते २३. १८ किंवा कमी आले की धोका. स्केल चांगलं आहे, नवी मुलगीसुद्धा त्यानं ओल आणि आहार विसरत नाही. पण नुसतं स्केल भरल्यानं जखमा कमी होतात, असं सिद्ध झालेलं नाही. आकडा भरलास तर त्याच ओळीत पुढे लिही : आज काय करणार. पुढची ओळ कोरी असेल तर तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

आता मोजणं. इथे मला मनातलं सांगायचंय.

एका रुग्णालयात असताना मी एका पेशंटच्या माकडहाडावरची जखम लांबी-रुंदीसकट फाइलमध्ये लिहिली. आठवड्याभरात मला मेमो आला : तुमच्या ड्यूटीत बेडसोअर कसा झाला, खुलासा करा. जखम तो गावाकडून घेऊन आला होता, हेही मी लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर त्या वॉर्डात एकाही सिस्टरनं जखम लिहिली नाही. कागदावर आमचा वॉर्ड उत्कृष्ट होता. आणि रात्रीचा टर्निंग चार्ट, म्हणजे कूस बदलल्याच्या वेळांचा तक्ता, बघशील तर दहा, बारा, दोन, चार, सहा, सगळ्या सह्या एकाच पेननं, एकाच दाबानं, सकाळी सहाला बसून केलेल्या. त्या मुलींना मी दोष देणार नाही. खरं लिहिणाऱ्याला शिक्षा झाली की सगळेच लिहायचं थांबवतात.

म्हणून तू इन्चार्ज झालीस की पहिलं काम हे कर : जखम लिहिणाऱ्या मुलीला जाहीरपणे "बरं केलंस" म्हण. आणि आज इन्चार्ज नसशील तर मेट्रन मॅडमना एकच विनंती कर, महिनाभर हे आकडे फक्त शिकण्यासाठी घेऊ द्या, नावं न लिहिता. बहुतेक मॅडम हो म्हणतात. मी स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर मलाही खरे आकडेच हवे असायचे.

मोजायचं कसं? मोठा फॉर्म करू नकोस. एका सकाळी, हँडओव्हरच्या वेळी, दोघींनी मिळून प्रत्येक बेडजवळ जायचं आणि तीनच गोष्टी बघायच्या : पेशंट स्वतः कूस बदलू शकतो का, नसेल तर टाच हवेत आहे का, आणि माकडहाड, टाच, नितंब यांवर काही आहे का. समज २४ पेशंटपैकी ६ जण स्वतः हलू शकत नाहीत आणि त्यातल्या दोघांच्याच टाचा हवेत आहेत. झालं, सहापैकी दोन. हीच तुझी सुरुवात. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा. प्रत्येक वेळचा आकडा ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या भिंतीला लावलेल्या एका कागदावर टिंब म्हणून मांड. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा तक्ता १८५८ मध्ये असाच रंगवून मांडला होता, आणि त्या चित्रात गोळीपेक्षा रोगांनी जास्त माणसं मारल्याचं न शिकलेल्यालाही दिसत होतं. आपल्या व्यवसायाची सुरुवातच मोजण्यानं झाली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

बदल एकदम तीस बेडवर लादू नकोस. एका पेशंटवर, एका रात्री. सकाळी विचार, काय अडलं? बहुतेक उत्तर ज्ञानाचं नसतं, सामानाचं असतं. "मॅडम, तकिया ही नहीं है." उशा पेशंटसोबतच्या नातेवाइकांनी खाली जमिनीवर झोपायला घेतलेल्या असतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग पुढची रात्र उशांचा बंदोबस्त करण्यात घाल, भाषण देण्यात नाही.

हात धुण्याचंही तसंच. हात धुतल्यानं जीव वाचतात हे डॉ. झेमेलवाइसनं १८४७ मध्ये व्हिएन्नात दाखवून दिलं, तेव्हापासून सगळ्यांना सगळं माहीत आहे. तरी हात धुतले जात नव्हते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ पासून दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहीम चालवली. भित्तिपत्रकं लावली, हात किती वेळा स्वच्छ होतात ते मोजून कर्मचाऱ्यांना कळवलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँड रबची, म्हणजे पाण्याशिवाय हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाची, बाटली प्रत्येक बेडशी आणली. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ वर गेलं आणि रुग्णालयातून लागणारा संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आला. हा आधी आणि नंतरचा अभ्यास आहे, शेजारी तुलनेचा गट नाही, त्यामुळे सगळं श्रेय बाटलीला देता येणार नाही. पण आपण इंदूरकरांना हे समजायला जड नाही. ओला-सुका कचरा वेगळा करा, हे कितीतरी वर्षं भिंतींवर लिहिलेलं होतं. शहर बदललं ते कचऱ्याची गाडी रोज ठरल्या वेळी दारात यायला लागली तेव्हा. २०१७ पासून आपण स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आलो त्यामागे ही दारातली गाडी आहे. हँड रब वॉर्डाच्या दाराशी एकच बाटली असेल तर तू कितीही लेक्चर दे, ती पालथ्या घड्यावर पाणी. बेडच्या पायाशी टांग. साबणपाण्याला ४० ते ६० सेकंद आणि बेसिनपर्यंत चालणं, हँड रबला २० ते ३० सेकंद जागच्या जागी. गर्दीच्या वॉर्डात हा हिशेब फार मोठा आहे.

पुरावे एकमेकांशी भांडतात तेव्हा काय करायचं? कॅन्युलाचं, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवलेल्या सुईचं, उदाहरण घे. आपण दर ७२ तासांनी सुई बदलत आलो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकार्ड, याही नर्सच, यांनी ३,२८३ पेशंटचा अभ्यास मांडला : दर तीन दिवसांनी ठरवून बदललं काय आणि गरज पडेल तेव्हा बदललं काय, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच. पेशंटचं टोचणं वाचलं, आपला वेळ वाचला. मग २०२१ मध्ये त्याच जिनिव्हाहून बातमी आली. तिथे ठरवून बदलणं थांबवल्यावर ४ लाखांहून जास्त सुयांच्या नोंदीत रक्तातला संसर्ग वाढलेला दिसला, आणि जुनी पद्धत परत आणल्यावर उतरला. एकूण संसर्ग मोजकेच, पण चढउतार स्पष्ट.

मी याचा अर्थ असा लावते. ऑस्ट्रेलियातला अभ्यास चालू असताना प्रत्येक सुईकडे कुणीतरी रोज नेमानं बघत होतं. रोजच्या कामात ते बघणं सुटतं. "गरज पडेल तेव्हा" या शब्दांत रोज बघणं गृहीत धरलेलं आहे. तुझ्या वॉर्डात प्रत्येक शिफ्टला सुईची जागा उघडी दिसेल अशी पारदर्शक पट्टी आहे का, आणि बघणारं कुणी आहे का? असेल तर गरजेप्रमाणे बदल. पांढऱ्या स्टिकिंगच्या चार थरांखाली सुई गाडलेली असेल आणि तारीख लिहिलेली नसेल, तर ठरवून बदलणंच बरं. आणि या भांडणात न पडताही एक गोष्ट आजच करता येते : ज्याला सलाइन नाही, इंजेक्शन नाही, त्याची सुई काढून टाक. सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचार, "सर, याची सुई कशासाठी आहे?" लघवीच्या नळीसाठीही तोच प्रश्न. उत्तर नसेल तर ती त्याच दिवशी निघाली पाहिजे.

पुरावा म्हणजे फक्त छापील कागद नाही, हेही लक्षात ठेव. पुराव्यावर आधारलेला उपचार म्हणजे काय, हे डॉ. डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलं तेव्हाही त्यांनी तीन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या : उपलब्ध उत्तम संशोधन, काम करणाऱ्याचा अनुभव आणि पेशंटची इच्छा. एक आजी कूस बदलू द्यायच्याच नाहीत, हात धरून ठेवायच्या. नव्या मुलींनी "नॉन-कोऑपरेटिव्ह" असं लिहून टाकलं होतं. मी शेजारी बसून मराठीत विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वळवलं की बरगडीत कळ येते गं." पडल्या होत्या त्या. दुखण्याची गोळी अर्धा तास आधी द्यायला लागलो आणि आजी स्वतःच "आता वळवा" म्हणायला लागल्या. हे कुठल्याही शोधनिबंधात नव्हतं, पण याशिवाय शोधनिबंध त्यांच्यापर्यंत पोचला नसता.

घरच्यांवर किती टाकायचं, याचंही उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलंय. लकव्याच्या पेशंटच्या नातेवाइकांना व्यायाम आणि काळजी शिकवून घरी पाठवलं तर फायदा होतो का, हे भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पेशंटवर पाहिलं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक नाही. मला वाईट वाटलं होतं, कारण मी स्वतः नातेवाइकांना शिकवण्याच्या बाजूची आहे. मी अजूनही शिकवते. टाच हवेत ठेवणं, भरवताना डोकं वर घेणं हे त्यांना कळलंच पाहिजे. पण नातेवाईक शिकवला म्हणजे नर्स लागत नाही, असं कुणी म्हणालं तर हा निकाल समोर ठेव.

आणि त्याच्याच शेजारी लिंडा एकेन यांचा २०१४ चा अभ्यासही ठेव. युरोपातले ९ देश, ३०० रुग्णालयं, ऑपरेशन झालेले ४ लाखांहून जास्त पेशंट. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तीस पेशंटना दोघी, ही तुझी वैयक्तिक कमतरता नाही. मनुष्यबळ मागणाऱ्या अर्जात "कामाचा ताण आहे" असं लिहिण्यापेक्षा हे वाक्य आणि तुझ्या भिंतीवरच्या कागदाची नक्कल जोड. मी असे अर्ज लिहिलेत. दर वेळी माणसं मिळाली नाहीत, पण एकदा रात्रीची तिसरी सिस्टर मिळाली, तीही आकड्यांमुळेच.

संशोधन म्हणजे परदेशातलं, असा एक न्यूनगंड आपल्याकडे आहे. तो मला सहन होत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ मध्ये जगापुढे आलं की नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. बेळगाव जिल्ह्यात ए.एन.एम. बहिणींनी, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी परिचारिकांनी, १,६२० बाळंतिणींवरचा अभ्यास पार पाडला. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला, २००६ ची गोष्ट. त्याच कामात रक्त मोजायला खुणांची प्लॅस्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावली गेली, आणि कळलं की डोळ्यांच्या अंदाजानं आपण रक्त साधारण एक तृतीयांश कमी धरतो. तशीच मोजून, उपचारांचे सगळे टप्पे लगेच एकत्र करण्याची पद्धत पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत ८० रुग्णालयांत वापरली, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं पोट उघडण्याचं ऑपरेशन किंवा त्यानं होणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. हा निकाल २०२३ चा. खुणांची पिशवी, मोजणारी बाई, आणि लिहून ठेवलेली वेळ. लेबर रूमला बदली झाली तर हे आठवणीनं वापर.

एन.आय.सी.यू.मधल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, मैत्रिणीलाही सांग : १ किलो ते १.८ किलोच्या आतलं बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतात. पाच देशांतली पाच रुग्णालयं, त्यांत आपला देशही आहे, वर्ष २०२१. म्हणजे साधारण २७ बाळांना असं ठेवलं की एक बाळ जास्त जगतं. टक्केवारी वाचलीस की असा हिशेब घालत जा, "किती जणांना केलं की एकाला फायदा". डॉक्टरांना आणि आयांनाही तो पटकन कळतो.

वाचायचं कधी? रोज नाही. महिन्याला एक प्रश्न आणि एक निबंध. प्रश्न अरुंद हवा. "बेडसोअर कसे टाळावे" असा नको. "न हलणाऱ्या पेशंटची टाच पोटरीखालच्या उशीवर ठेवली तर नुसत्या गादीपेक्षा जखमा कमी होतात का" असा हवा. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या वेबसाइटवर सारांश फुकट मिळतात, बरेच पूर्ण निबंधही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश आणि जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही मोफत आहेत. सुरुवात एकट्या अभ्यासापासून न करता मार्गदर्शक तत्त्वांपासून कर, कुणीतरी शंभर निबंध आधीच चाळलेले असतात. मग हँडओव्हरनंतर पंधरा मिनिटं, चहा हातात, एक जण सारांश वाचेल, दुसरी म्हणेल आपल्याकडे हे जमेल का. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुली हिंदीत बोलायला लागल्या की सगळ्यात नेमके प्रश्न त्याच विचारतात. आमच्याकडे केरळची एक सिस्टर होती. ती काही बोलायची नाही, पण काथ्याच्या गाद्यांचे नंबर आणि कुठली किती खचली याची यादी तिनंच करून आणली. त्या यादीवरून सात गाद्या बदलून मिळाल्या.

तुझ्यासाठी पहिला प्रश्न मीच ठरवून देते, म्हणजे सुरुवात अडणार नाही. येत्या मंगळवारी सकाळच्या हँडओव्हरला न हलणारे पेशंट मोज, त्यातल्या किती टाचा हवेत आहेत ते लिही, हातमोजे दिसले तर काढून टाक, आणि उशा कुठे गेल्या ते शोध. चार मंगळवार झाले की भिंतीवरच्या कागदाचा फोटो मला पाठव. आकडा वाढला नसेल तरी पाठव. काय अडलं ते आपण दोघी मिळून बघू.